राष्ट्रीय विज्ञान दिन

राष्ट्रीय विज्ञान दिन : भारतात दरवर्षी २८ फेब्रुवारीला साजरा होणारा दिवस. १९२८ साली या तारखेला कोलकात्याच्या एका प्रयोगशाळेत चंद्रशेखर वेंकट रामन (७ नोव्हेंबर १८८८ – २१ नोव्हेंबर १९७०) यांना प्रकाशाच्या प्रकीर्णनातला (विखुरण्यातला) एक नवा परिणाम वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, स्पष्ट दिसला. तो पुढे ‘रामन परिणाम’ या नावाने ओळखला जाऊ लागला आणि त्यासाठी रामन यांना १९३० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातले नोबेल मिळवणारे ते पहिले आशियाई. २८ फेब्रुवारी हा विज्ञान दिन मानावा, ही राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेची सूचना केंद्र सरकारने १९८६ मध्ये मान्य केली आणि १९८७ पासून तो साजरा होऊ लागला. त्या वेळी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव वसंत गोवारीकर होते.

मराठीत हे नाव ‘रमण’ असेही लिहिलेले आढळते. ‘रामन’ हे मूळ तमिळ उच्चाराला जवळचे आहे.

थोरांची आठवण काढायची म्हणजे जयंती नाहीतर पुण्यतिथी, ही आपली जुनी सवय. शास्त्रज्ञही त्यातून सुटलेले नाहीत. रामानुजन यांच्या जन्मदिवशी, २२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिन असतो. २९ जून हा प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा जन्मदिवस सांख्यिकी दिन म्हणून, तर १५ सप्टेंबर हा विश्वेश्वरय्यांचा अभियंता दिन म्हणून पाळतात. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिवसाचा, १५ ऑक्टोबरचा महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन झाला. २८ फेब्रुवारीला मात्र रामन जन्मलेही नाहीत आणि वारलेही नाहीत. त्या दिवशी एक प्रयोग जमून आला, एवढेच. माणसाऐवजी कामाची तारीख धरण्याची उदाहरणे जगात आहेत, पण मोजकी. राँटगेन यांना क्ष-किरण सापडले ती ८ नोव्हेंबर (१८९५) ही तारीख क्ष-किरण तंत्रज्ञ आपला दिवस मानतात. मेमन यांनी पहिला लेसर चालवला ती १६ मे (१९६०) आता आंतरराष्ट्रीय प्रकाश दिन झाली आहे. हा फरक आपल्याकडे अजून अंगवळणी पडलेला नाही. फळ्यावर रंगीत खडूने ‘सर सी. व्ही. रामन जयंती’ असे सुबक अक्षरात लिहिणाऱ्या शाळा आजही आहेत.

बोट ते बहुबाजार

या शोधाची सुरुवात समुद्रावर झाली. १९२१ मध्ये रामन एका विद्यापीठ परिषदेसाठी ऑक्सफर्डला गेले. या प्रवासात भूमध्य समुद्राची गर्द निळाई त्यांच्या मनात घर करून राहिली. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे लॉर्ड रेली यांचे मत होते आणि ते सर्वमान्य होते. परतीच्या प्रवासात ‘नारकुंडा’ बोटीच्या डेकवरून रामन यांनी निकोल लोलकातून पाण्याकडे पाहिले. लोलक विशिष्ट कोनात धरला की पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश छाटला जातो. निळा रंग आकाशाचा असता तर तो फिका पडायला हवा होता. तो उलट खुलून आला. म्हणजे पाण्याचे रेणूच प्रकाश विखरत होते. सप्टेंबर १९२१ मध्ये बोट मुंबईला लागली आणि रामन यांनी ‘नेचर’ या नियतकालिकाला समुद्राच्या रंगाविषयी पत्र लिहिले. त्यावर ठिकाण आहे ते मुंबई बंदराचे.

काम पुढे चालले ते कोलकात्यात, २१० बहुबाजार स्ट्रीट या पत्त्यावर. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून उभ्या केलेल्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेची ती वास्तू. रामन १९०७ मध्ये वित्त खात्यात अधिकारी म्हणून या शहरात आले होते. कचेरीच्या आधी आणि नंतर ते या प्रयोगशाळेत बसत. दिवसा सरकारी हिशेब, उरलेल्या वेळात तंतुवाद्यांच्या तारा आणि त्यांची कंपने. १९१७ मध्ये विद्यापीठाचे पालित प्राध्यापकपद मिळाल्यावर जास्त पगाराची सरकारी नोकरी त्यांनी सोडली. संस्थेत त्यांच्याबरोबर आशुतोष डे हे मदतनीस असत. विज्ञान दिनाच्या भाषणांत त्यांचे नाव क्वचितच येते. उपकरणे जुळवणारे हात बहुतेक त्यांचेच होते.

प्रयोग सांगायला सोपा, दिसायला कठीण. खिडकीतून येणारे ऊन भिंगाने एकवटायचे आणि निळ्या-जांभळ्या काचेतून गाळून द्रवाने भरलेल्या कुपीवर सोडायचे. कुपीतून बाजूला विखुरणाऱ्या प्रकाशाकडे पाहताना डोळ्यापुढे दुसरी, पिवळसर हिरवी काच धरायची. पहिली काच जे आत सोडते ते दुसरी नेमके अडवते. त्यामुळे दोन्ही काचा असताना सगळा अंधार व्हायला हवा. पण अगदी मंद असा प्रकाश तरीही उरत होता. याचा अर्थ प्रकाश विखुरताना त्यातल्या काही भागाचा रंगच बदलत होता.

ही मंद चमक सर्वांत आधी रामन यांच्याच गटातल्या के. आर. रामनाथन यांना १९२३ मध्ये दिसली होती. द्रवात काही अशुद्ध द्रव्य असेल आणि त्याचे क्षीण अनुस्फुरण असेल, अशी तेव्हा समजूत झाली. हळद तेलात घालून तिच्यावर जंबुपार प्रकाश टाकला तर ती हिरवट चमकते, ते अनुस्फुरण. द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध करूनही ही चमक जाईना. १९२८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत के. एस. कृष्णन यांनी एकामागून एक द्रव तपासले आणि सगळ्यांत ती आढळली. शिवाय तिचे ध्रुवण (प्रकाशलहरींची कंपने एकाच दिशेत येणे) झालेले होते, अनुस्फुरणात सहसा असते त्याहून खूपच जास्त. २८ फेब्रुवारीला काचेऐवजी हातात धरायच्या वर्णपटदर्शकातून पाहिले तेव्हा मूळ रंगापासून मधल्या काळ्या पट्टीने वेगळा झालेला नवा रंग दिसला. उन्हाच्या जागी पाऱ्याच्या बाष्पाचा दिवा आणल्यावर तर ठळक, अलग रेषाच उमटल्या.

एक कोटी प्रकाशकण विखुरले तर त्यांतल्या जेमतेम एकाच्या बाबतीत असे घडते. तो रेणूला थोडी ऊर्जा देतो किंवा त्याच्याकडून घेतो आणि तेवढा त्याचा रंग सरकतो. किती सरकतो हे रेणूच्या कंपनांवर ठरते. म्हणून सरकलेल्या रेषा म्हणजे त्या रेणूच्या बोटांचे ठसेच.

तारखेविषयी

अमुक दिवशी शोध लागला असे म्हणणे सोयीचे असते, खरे असतेच असे नाही. रामन आणि कृष्णन यांचे ‘नेचर’मधले पहिले पत्र १६ फेब्रुवारीचे आहे, म्हणजे विज्ञान दिनाच्या बारा दिवस आधीचे, ते ३१ मार्चला छापून आले. वृत्तसंस्थेमार्फत बातमी फुटली ती २९ फेब्रुवारीला. १६ मार्चला रामन यांनी बंगळूरला भाषण देऊन विषय सविस्तर मांडला. यांतली कुठलीही तारीख चालली असती. २९ फेब्रुवारी निवडली गेली नाही हे बरे, नाहीतर विज्ञान दिन चार वर्षांनी एकदा आला असता.

तिकडे मॉस्कोत लांड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांना स्फटिकांमध्ये हाच परिणाम २१ फेब्रुवारी १९२८ ला दिसला होता. त्यांचा निबंध प्रसिद्ध व्हायला जुलै उजाडला, तोवर रामन यांचे नाव जगभर झाले होते. रशियन ग्रंथांत आजही या परिणामाला ‘संयुक्त प्रकीर्णन’ या अर्थाचे नाव आहे. असे काही घडावे हा अंदाज ऑस्ट्रियाच्या स्मेकल यांनी १९२३ मध्ये कागदावर मांडलेला होता. रामन यांचे मोल यामुळे कमी होत नाही, पण ‘एका भारतीयाने एका दिवसात जग चकित केले’ ही गोष्ट मात्र बाद होते. ती सात वर्षांची गोष्ट आहे, तीत अनेक माणसे आहेत. कृष्णन (१८९८–१९६१) त्यांतले मुख्य. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक झाले. नोबेलमध्ये त्यांचा वाटा नव्हता, विज्ञान दिनाच्या फलकावर त्यांचे छायाचित्र आजही अपवादानेच असते.

साजरा होतो तो कसा

१९९९ पासून दरवर्षी एक विषय जाहीर होतो आणि त्यावर व्याख्याने, प्रदर्शने बेतली जातात. विज्ञानप्रसाराचे राष्ट्रीय पुरस्कारही अनेक वर्षे या दिवशी दिले गेले. २०२० चा विषय ‘विज्ञानातील स्त्रिया’ हा होता. त्या निमित्ताने भारतीय शास्त्रज्ञ स्त्रियांच्या नावाने ११ अध्यासने जाहीर झाली. त्यांत मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि कर्करोग संशोधक कमल रणदिवे यांची नावे आहेत.

खरा उत्साह दिसतो तो संशोधन संस्थांची दारे उघडतात तिथे. एरवी ओळखपत्राशिवाय आत न सोडणाऱ्या प्रयोगशाळा या दिवसांत शाळकरी मुलांनी भरून जातात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत खगोलशास्त्रज्ञांना मुलांच्या प्रश्नांसमोर उभे राहावे लागते. न्यूटन, गॅलिलिओ, आइनस्टाइन आणि आर्यभट यांचे पुतळे असलेल्या तिथल्या चौकात त्या दिवशी गर्दी असते. मुंबईत मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, गोव्यात मिरामारचे विज्ञान केंद्र यांचेही कार्यक्रम असतात. १९६६ पासून मराठीतून विज्ञानप्रसार करणाऱ्या मराठी विज्ञान परिषदेला तर हा घरचाच दिवस.

पण सगळ्यांत वेगळा कार्यक्रम जुन्नर तालुक्यातल्या खोडदचा. नारायणगावजवळच्या या गावी गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, त्यांतल्या १४ मधोमध जवळजवळ आणि बाकीच्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन हातांवर कोसच्या कोस पसरलेल्या. विज्ञान दिनाला आसपासच्या शाळा आपापले प्रकल्प घेऊन येतात. मोबाइल बंद ठेवायला सांगतात, कारण दूरच्या दीर्घिकांकडून येणारी कुजबुज ऐकणाऱ्या या कानाला खिशातला फोन म्हणजे कानाशी वाजणारा ताशा. ऊसमळ्यांतून वाट काढत आलेली मुले त्या जाळीदार थाळीखाली मान मागे टाकून उभी राहतात आणि ती वळायला लागली की एकच गलका होतो.

शाळांमधला विज्ञान दिन मात्र साच्यातला. त्याच्या आदल्या दिवशी, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन असतो. त्यामुळे ग्रंथदिंडीची पताका उतरते तोच बाकांवर निळे कागद अंथरले जातात. त्यावर ठरलेली मंडळी हजर होतात : मातीच्या ढिगात खायचा सोडा, वर व्हिनेगर आणि कुंकू घालून फसफसणारा ज्वालामुखी, इंजेक्शनच्या सिरिंजा आणि सलाइनच्या नळ्या जोडून चालणारा जेसीबी, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ची हिरव्या रंगाने माखलेली टेकडी. सिरिंजांचा जेसीबी खरोखर चांगला असतो, पास्कलचा नियम त्यात हाताला लागतो. पण ज्याच्यासाठी हा दिवस आहे तो विषय टेबलावर सहसा नसतो.

असलाच तर पेलाभर पाण्यात दोन थेंब दूध घालून त्यातून टॉर्चचा झोत सोडलेला दिसतो. बाजूने पाहिले तर पाणी निळसर, समोरून पाहिले तर तांबूस. प्रयोग छान आहे, फक्त तो रेली-टिंडल यांच्या घरचा. तिथे पांढऱ्या प्रकाशातले रंग वेगवेगळ्या दिशांना वाटले जातात, एकही रंग बदलत नाही. रामन परिणाम शाळेत दाखवता येत नाही याचे कारण तोच कोटीत एकाचा हिशेब. लेसर आल्यावर, १९६० नंतर, ही अडचण प्रयोगशाळांपुरती सुटली आणि आज रामन वर्णपटमापकाने बनावट औषध, खोटा हिरा, जुन्या चित्रातले रंगद्रव्य नमुन्याला धक्का न लावता ओळखतात. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीवरची दोन उपकरणे याच पद्धतीने तिथले खडक तपासतात.

रामन यांनी १९४८ मध्ये बंगळूरला स्वतःची संस्था काढली आणि अखेरपर्यंत तिथेच काम केले. १९५४ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. आपल्या अंत्यविधीला कसलेही कर्मकांड नको, असे त्यांनी सांगून ठेवले होते. त्यांचे दहन संस्थेच्या आवारातच झाले. त्या जागी समाधी किंवा पुतळा नाही, पिवळी फुले येणारे एक झाड लावलेले आहे.