रस्सीखेच पायांनी जिंकतात

मैदानावर चुन्याची रेघ. रेघेच्या बरोबर वर, दोराच्या मधोमध बांधलेला लाल रुमाल. एका बाजूला नववी 'अ'ची आठ मुलं, दुसऱ्या बाजूला नववी 'ब'ची आठ. शिट्टी होते, 'हैशा'च्या आरोळ्या सुरू होतात, रुमाल थोडा इकडे, थोडा तिकडे हलतो आणि मग एकदम 'ब'च्या बाजूला सरकायला लागतो. 'अ'ची मुलं धूळ उडवत फरपटत पुढे येतात.

दोर जास्त जोरात कुणी ओढला?

वर्गात हा प्रश्न विचारला की सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "'ब'नं!" डोळ्यांनी तर तसंच दिसलेलं असतं. तरी ते उत्तर चुकीचं आहे. दोन्ही संघांनी दोर सारख्याच बलाने ओढला होता, अगदी 'अ'ची मुलं फरपटत होती त्या क्षणीसुद्धा.

हे माझ्या सांगण्यावरून मानू नका. प्रवासाच्या बॅगा तोलायचे हुकाचे दोन काटे मिळवा, किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतले दोन ताणकाटे. हुकात हुक अडकवा. एक काटा तुम्ही धरा, दुसरा घरातल्या सगळ्यात दणकट माणसाच्या हातात द्या आणि त्यांना सांगा, "माझ्या काट्यावर 5 राहू दे, तुमच्यावर 8 आणून दाखवा." त्यांनी कितीही जोर केला तरी ते जमत नाही. त्यांचा काटा 8 वर गेला की तुमचाही 8 वर जातो. पुढे हा दुसरा काटा खिडकीच्या गजाला अडकवा आणि एकट्याने ओढा. गजाला ना हात ना स्नायू, तरी तुम्ही जेवढं ओढाल तेवढाच आकडा त्याच्या बाजूच्या काट्यावर उमटतो.

न्यूटनने 1687 साली गतीचे नियम मांडले, त्यातला हा तिसरा. त्याने उदाहरणही साधं दिलं होतं. बोटाने दगड दाबला तर दगडही बोटाला दाबतो, घोडा दोराने दगड ओढत असेल तर दगडही घोड्याला तेवढाच मागे ओढतो. आपल्याकडे नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकाची सुरुवातच गतीच्या नियमांनी होते, आणि 'क्रियाबल व प्रतिक्रियाबल समान व विरुद्ध' हे शब्द मुलांना तोंडपाठ असतात. पण नियमाचा उरलेला भाग पाठांतरात गळून जातो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण सगळी किल्ली तिथेच आहे. ही दोन बलं वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात. 'अ' संघाची ओढ 'ब'वर लागते आणि 'ब'ची ओढ 'अ'वर. वेगवेगळ्या वस्तूंवरची बलं एकमेकांना खोडू शकत नाहीत. "दोन्ही सारखी, मग उत्तर शून्य, मग काही हलतंच कसं?" हा प्रश्न ज्या मुलाला पडतो, ते मूल खरोखर विचार करत असतं. त्याला गप्प बसवू नये.

त्याला उत्तर द्यायचं तर एकाच संघाकडे बघायचं, बाकी सगळं नजरेआड करायचं. 'ब' संघाला आडव्या दिशेने दोनच गोष्टी ढकलतात किंवा ओढतात. दोर त्यांना पुढे, रेघेकडे ओढतो. जमीन त्यांना मागे ढकलते. जमीन का ढकलते? कारण ती मुलं टाचा रोवून जमिनीला पुढे रेटत असतात आणि जमीन घर्षणाच्या रूपाने तेवढंच बल उलट परत करते. जमिनीचा रेटा दोराच्या ओढीपेक्षा जास्त झाला की संघ मागे सरकतो, म्हणजेच जिंकायला लागतो. 'अ'च्या बाजूला जमिनीचा रेटा कमी पडतो, म्हणून तो संघ पुढे ओढला जातो. दोर दोघांना सारखाच, फरक सगळा पायांखाली.

आकडे घालून बघू. दोन्ही संघांचं वस्तुमान प्रत्येकी 500 किलो धरा. 'ब'ला जमिनीकडून 3000 न्यूटनचा (न्यूटन हे बलाचं एकक) रेटा मिळतोय, 'अ'च्या बुटांचे तळवे झिजलेत म्हणून त्यांना 2500 न्यूटनच. एकूण 1000 किलोवर 500 न्यूटनचं असंतुलित बल, म्हणजे त्वरण 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग. आता दोरातला ताण काढा. 'ब'कडून हिशेब केला तर 500 किलोला 0.5 चं त्वरण द्यायला 250 न्यूटन लागतात, म्हणून ताण 3000 वजा 250, म्हणजे 2750. 'अ'कडून केला तर 2500 अधिक 250, पुन्हा 2750. या त्वरणाने चार मीटर ओढायला चार सेकंद लागतात आणि त्या चारही सेकंदांत दोर दोन्ही संघांना 2750 न्यूटननेच ओढतो. दोर वजनदार असेल, समजा 15 किलोचा, तर दोन संघांवरच्या ओढीत सात-आठ न्यूटनांचा फरक पडेल. अडीच-तीन हजारांपुढे तो कुठे दिसणार?

पायांखालच्या या गोष्टीवरून ऑलिंपिकमध्ये भांडण झालेलं आहे. 1900 ते 1920 या काळात रस्सीखेच हा ऑलिंपिकचा खेळ होता. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघाची गाठ लिव्हरपूल पोलिसांच्या संघाशी पडली आणि पोलिसांनी त्यांना बघता बघता ओढून नेलं. अमेरिकनांनी तक्रार केली ती पोलिसांच्या बुटांबद्दल. हे जडशीळ बूट नियमात बसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. तक्रार फेटाळली गेली आणि अमेरिकेचा संघ स्पर्धेतून बाहेर पडला. नियमाच्या दृष्टीने कोण बरोबर होतं हे बाजूला ठेवू. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्यांनी बोट नेमकं योग्य जागी ठेवलं होतं.

घर्षण दोन गोष्टींवर ठरतं, पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात आणि ते एकमेकांवर किती जोराने दाबले जातात. वजनदार संघाचा फायदा या दुसऱ्या गोष्टीत आहे. म्हणून तर मोठ्या स्पर्धांत संघांचे वजनगट पाडतात.

पण मग हाताच्या ताकदीला काहीच अर्थ नाही का? आहे. पकड सुटली तर पाय कितीही रोवलेले असोत, उपयोग नाही. आणि मांड्यांत जोर नसेल तर जमिनीला रेटणार कोण? एवढंच की शरीरातून निघालेला जोर शेवटी जमिनीतून वसूल व्हावा लागतो. 'पाय रोवून उभं राहणं' आणि 'पायाखालची वाळू सरकणं' हे आपले वाक्प्रचार कुणी घडवले माहीत नाही, पण त्यांना ही गोष्ट पक्की कळलेली होती.

कसलेले खेळाडू जवळजवळ आडवे होऊन का ओढतात, तेही इथेच कळतं. दोराची ओढ तुम्हाला पायांवरून पुढे तोंडावर पाडायला बघते. तुमचं वजन, पायांच्या मागे असेल तर, तुम्हाला मागे पाडायला बघतं. दोन्हींचा तोल जमला तरच तुम्ही टिकता. साठ किलोच्या मुलाचं वजन साधारण 600 न्यूटन. तो जेमतेम मागे झुकलाय, गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात तो बिंदू) टाचांच्या 20 सेंटिमीटर मागे आहे आणि दोर एक मीटर उंचीवर धरलाय, तर त्याला तोल न जाता 120 न्यूटनच पेलतील. तोच मुलगा 60 सेंटिमीटर मागे झुकला आणि दोर 80 सेंटिमीटरवर आणला, तर 450. वजन तेच, मुलगा तोच, ओढ जवळजवळ चौपट! अर्थात एवढी ओढ घ्यायला पायांखाली तितकं घर्षणही हवं, नाहीतर पाय घसरून पाठीवर आपटाल.

दोरात मात्र प्रत्येकाची ओढ साठत जाते. शेवटच्या गड्याच्या पुढे फक्त त्याचीच, त्याच्या पुढच्यापाशी दोघांची, आणि रुमालापाशी सगळ्या संघाची. म्हणून ताण सर्वांत जास्त मधल्या भागात असतो. संघ मोठा केला की हे धोक्याचं होतं. 1997 साली तैवानमध्ये तैपेई इथे दीडहजारांहून जास्त लोकांनी एकच दोर ओढला. तो तुटला, आणि ताणलेल्या दोरात साठलेली ऊर्जा एका झटक्यात सुटली. दोन माणसांचा एकेक हात तुटून वेगळा झाला. शाळेत नायलॉनचा जुना दोर आणून शंभर-शंभर मुलं उभी करणाऱ्यांनी कृपा करून ते करू नये, आणि मनगटाला दोराचा वेढा तर कुणालाही देऊ देऊ नये.

घरी करण्यासारखा एक प्रयोग अगदी निर्धोक आहे. चाकांच्या दोन खुर्च्या गुळगुळीत फरशीवर समोरासमोर ठेवा. एकीत बाबा, दुसरीत चौथीतली धाकटी, दोघांच्या हातात एकाच ओढणीची दोन टोकं, पाय जमिनीवरून उचललेले. आधी फक्त बाबांनी ओढायचं, धाकटीने टोक घट्ट धरून बसायचं. दोन्ही खुर्च्या एकमेकींकडे येतात. मग फक्त धाकटीने ओढायचं, बाबांनी नुसतं धरायचं. खुर्च्या पुन्हा तशाच येतात आणि जवळपास पहिल्याच जागी भेटतात, बाबांच्या बाजूला. फरशीवर खडूने खुणा करून ठेवा. खुर्चीसकट त्यांचं वजन तिच्या खुर्चीसकट वजनाच्या तिप्पट असेल आणि चाकं सारखी सुरळीत फिरत असतील, तर ते एक फूट सरकेपर्यंत ती साधारण तीन फूट आलेली असेल. मग बाबांना तसंच पाय उचलून ठेवायला सांगा आणि धाकटीला तेवढे पाय जमिनीवर टेकवून घट्ट रोवायला सांगा.