लांबच्या डेटाबेस सर्व्हरची डिस्क स्पेस बघणं

डेटाबेस सर्व्हर एका गावात, सांभाळणारा दुसऱ्या गावात, आणि तिथल्या डिस्कवर किती जागा उरलीय ते इथनं बघत राहायचं, याला सगळे डिस्क मॉनिटरिंग म्हणतात. कोल्हापुरात हे समजावायला सोपं, पावसाळ्यात अख्खं शहर हेच करतंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. डिस्क बघणाऱ्या टूलमधले वॉर्निंग आणि क्रिटिकल म्हंजे तेच, बरेच जण डिस्क ८० आणि ९० टक्के भरली की वाजतील असे लावतात. पण नदीकाठचा माणूस नुसते फूट विचारत नाही, तासाला किती चढतंय ते पण विचारतो, आणि डिस्कच्या बाबतीत नेमकं तेच राहून जातं. २ टीबीच्या डिस्कवर उरलेले १० टक्के म्हंजे २०० जीबी, महिनोन् महिने पुरतील, ५० जीबीच्या डिस्कवर तेच ५ जीबी एका रात्रीत जातात. प्रोमिथियस या मॉनिटरिंग टूलमध्ये मागच्या चढावरनं पुढचा अंदाज काढणारं प्रेडिक्ट लिनियर फंक्शन आहे ते याचसाठी.

बघायला लिनक्सवर एसएसएचनं (लांबनं लॉगिन करायची सोय) जाऊन डीएफ कमांड, ती डिस्क किती भरली ते दाखवते. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस असेल तर त्यातली एक्सपी फिक्स्डड्राइव्ह्ज ही तयार प्रोसिजर चालवली की क्वेरीतच ड्राइव्हनिहाय उरलेले एमबी येतात. नॅगिओस, झॅबिक्स ही मॉनिटरिंग टूल्स आहेतच, क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) चार ओळींची स्क्रिप्ट पण चालते, फक्त तिचा मेल त्याच सर्व्हरवरनं पाठवू नका, डिस्क भरली की मेलपण तिथंच अडकतो.

डिस्क बऱ्याचदा टेबलांनी नाही, लॉगनं भरते. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये रेप्लिका (दुसऱ्या सर्व्हरवरची जिवंत कॉपी) बंद पडली आणि तिचा रेप्लिकेशन स्लॉट (तिनं कुठवर वाचलं त्याची खूण) तसाच राहिला तर वॉल फायली, म्हंजे बदलांचा लॉग, तिच्यासाठी साठत जातात, आणि ती डिस्क भरली की सर्व्हर पॅनिक एरर देऊन बंद (२०२० च्या १३ व्या आवृत्तीपासून स्लॉटला मर्यादा घालता येते, तरी कोण घालतंय). मायएसक्यूएल ८.० हा डेटाबेस बिनलॉग (त्याचा बदलांचा लॉग) डिफॉल्टनं ३० दिवस ठेवतं. त्याची डिस्क भरली तर ते बंद पडत नाही, जागा होईल म्हणून वाट बघत बसतं, आणि वापरणाऱ्याला वाटतं नेट गेलं.

गळीत हंगामात एका साखर कारखान्यात मी हेच बघितलंय, रात्री २ वाजता काट्यावर पावती निघेना, ऊसाच्या ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर, आणि सर्व्हर पुण्यात. डीएफ १०० टक्के. कुणीतरी चालू ठेवलेला जनरल लॉग (प्रत्येक क्वेरी लिहून ठेवणारा) आरएम कमांडनं उडवला तरी १०० च, कारण मायएसक्यूएलनं ती फाईल उघडी धरलेली, उघड्या फायली दाखवणाऱ्या एलएसओएफ कमांडमध्ये डिलिटेड म्हणून दिसत होती. रिस्टार्ट केल्यावर जागा सुटली.

टेबलातल्या ओळी डिलिट मारून पण जागा लगेच मिळत नाही. ती परत मिळवायची पोस्टग्रेसची कमांड व्हॅक्यूम फुल, ती टेबलाची नवी कॉपी लिहितं, म्हंजे त्यालाच आधी मोकळी जागा पाहिजे. म्हणून काही जण २ जीबीची एक नुसती जागा अडवणारी फाईल डिस्कवर नुसती ठेवून देतात, अडलं की उडवायला. राधानगरी धरणाचे दरवाजे आपोआप उघडतात, ही फाईल मात्र कुणीतरी झोपेतनं उठूनच काढावी लागते.