मधुमालतीला बांधलेला दोरा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यावर मधुमालतीचा वेल आहे. एकाच घोसात पांढरी, गुलाबी, लाल फुलं बघून लहानपणी वाटायचं, तीन वेल एकमेकांत गुंतले असणार. गेल्या पावसाळ्यात शेवटी एका कळीच्या देठाला दोरा बांधला. दिवेलागणीला ती उमलली पांढरीशुभ्र. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल होऊन मान खाली घालून लोंबत होतं.

या रंगांची गिऱ्हाइकं वेगवेगळी. पहिल्या रात्री येतो हॉक मॉथ हा मोठा पतंग. अंधारात पांढरा रंग उठून दिसतो, वासाचा माग लांबून लागतो आणि फुलाच्या लांबलचक नळीच्या तळाचा मध त्याच्या लांब सोंडेला पोचतो. उजाडल्यावर पाळी मधमाश्यांची आणि शिंजीर या मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांची.

मोगरा, रातराणी, पारिजातक हे सगळे याच रात्रपाळीतले. पांढरी फुलं आणि संध्याकाळनंतर चढत जाणारा वास. रातराणी मात्र झोपायच्या खिडकीखाली लावू नका. माझ्या बहिणीने लावली होती. आठवड्यात डोकं धरून कुंडी गच्चीवर नेली.

मधमाशीला आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात, पण लाल रंग तिच्या लेखी जवळपास काळाच. पक्ष्यांना लाल झकास दिसतो. त्यामुळे लाल जास्वंदीवर सकाळी आमच्याकडे जांभळा शिंजीर हजर. पण गडी लबाड! फुलाच्या तोंडाशी जातच नाही. मागून देठाला लटकतो आणि बुडाशी चोच खुपसून मध पितो. गळून पडलेलं फूल उलटं करून बघा, सुईच्या टोकाएवढं भोक सापडेल. फुकटचा मध, परागकणांची हमाली नाही.

रोपवाटिकेत मी साधी जास्वंद मागितली तर तो भाऊ म्हणाला, "सिंगल शुं करशो, बेन? डबल लई जाव!" डबल फूल दिसतं भरगच्च, पण त्यातल्या जादा पाकळ्या म्हणजे बहुतेक वेळा रूप पालटलेले पुंकेसरच. पाकळ्या वाढल्या की पराग घटतात, आणि त्या गर्दीतून किड्यांना आत शिरणंही अवघड. मी सिंगलच आणली.

घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, पण अमेरिकेतून आलेल्या या झुडपाने आपल्याकडची जंगलं गिळलीत. तिच्याऐवजी पेंटास लावावा. कुंडीत मावतो, फुलपाखरंही येतात.

पण फुलपाखरांना नुसता मध पुरत नाही, अळ्यांना पानं लागतात. त्यासाठी माझी पसंती कढीपत्त्याला. बागेची शोभा म्हणून कुणी तो लावत नाही, पण कॉमन मॉर्मन आणि लाईम बटरफ्लाय ही दोन्ही फुलपाखरं त्यावर अंडी घालतात. लहान अळी हुबेहूब पक्ष्याची शीट. खाणाऱ्याची भूकच मरावी. मोठी झाली की हिरवीगार. डिवचलं तर डोक्यामागून दोन टोकांचं लालसर शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते.

आईला हे कौतुक नव्हतं. "फोडणीला काय घालू, तुझ्या अळ्या?" म्हणायची. आता दोन कुंड्या आहेत. एक स्वयंपाकाची, एक त्यांची. गेल्या आठवड्यात आईनेच हाक मारली. तिच्या कुंडीच्या काठाखाली एक कोष चिकटला होता.