टोल वेगळा, किलोमीटर शुल्क वेगळे

उपग्रहावरून टोल घेणार, जितके किलोमीटर तितके पैसे, अशी बातमी आली की तिच्या मागोमाग दुसरी चर्चा सुरू होते: इलेक्ट्रिक गाडीवाले पेट्रोल भरत नाहीत, मग रस्त्याचे पैसे ते कधी देणार? त्यावर कोणीतरी हमखास म्हणते, "तेच तर करतायत, किलोमीटरप्रमाणे टोल." इथेच गल्लत होते. दोन्हींत किलोमीटर मोजले जातात, साम्य तेवढेच. टोल हा ठरावीक रस्त्याचा असतो. किलोमीटर शुल्क गाडीचे असते, मग ती द्रुतगती मार्गावर धावो की गावाच्या पांदीला लागलेल्या डांबरी रस्त्यावर. पहिले त्या रस्त्याचा खर्च वसूल करते, दुसरे इंधनावरच्या कराची जागा घेते.

ती जागा केवढी आहे ते आधी पाहू. एप्रिल 2025 च्या वाढीनंतर पेट्रोलवर केंद्राचे शुल्क लिटरला 21.90 रुपये झाले. त्यात मूळ उत्पादन शुल्क 1.40, विशेष अतिरिक्त शुल्क 13, कृषी उपकर 2.50 आणि रस्ते व पायाभूत सुविधा उपकर 5 रुपये. डिझेलवर एकूण 17.80, त्यात रस्त्याचा उपकर 2 रुपये. राज्याचा व्हॅट यावर वेगळा. लिटरला 15 किलोमीटर देणारी पेट्रोल कार दर किलोमीटरमागे रस्त्याच्या उपकरापोटी 33 पैसे देते, 45 देणारी स्कूटर 11 पैसे. हे पैसे द्यायला नाका लागत नाही, पावती लागत नाही, कोणी अडवत नाही. तेल कंपन्यांकडूनच कर गोळा होतो, त्यामुळे वसुलीचा खर्च नगण्य. इंधन कराची खरी ताकद हीच, आणि विजेवरच्या गाडीपुढे ती निरुपयोगी ठरते. घरच्या मीटरमधून गेलेले युनिट फ्रिजने खाल्ले की गाडीने, हे मीटरला कळत नाही.

मग टोल वाढवून भागेल का? भागणार नाही, आणि कारण आकड्यांतच आहे. देशात रस्त्यांचे जाळे 63 लाख किलोमीटरहून मोठे, राष्ट्रीय महामार्ग सुमारे 1.46 लाख किलोमीटर, आणि त्यातल्याही काही भागावरच टोल. जिल्हा परिषदेच्या रस्त्यावर नाका बसवायचा म्हटले तर वसुलीपेक्षा नाक्याचाच खर्च जास्त होईल. शिवाय महामार्गाच्या नाक्यावर दुचाकीला टोल नाही. पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षासाठी नील्सनने केलेल्या पाहणीत (ती 2014 मध्ये जाहीर झाली) देशातले सुमारे 61 टक्के पेट्रोल दुचाकींत जात असल्याचे दिसले होते. इंधन करात पैसे भरणारा हा सर्वांत मोठा गट टोलच्या चौकटीत मुळात येतच नाही.

टोलचा दर ठरतो 2008 च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांनी. चार किंवा अधिक पदरी रस्त्यावर कारसाठी किलोमीटरला 65 पैसे हा 2007-08 चा पाया. त्यावर दरवर्षी 3 टक्के पक्की वाढ, आणि घाऊक किंमत निर्देशांकातल्या वाढीचा 40 टक्के हिस्सा. पूल, बोगदा, बाह्यवळण असेल तर हिशेब निराळा. नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना मासिक पास. हे सगळे त्या रस्त्याच्या बांधकामाशी आणि कराराशी बांधलेले असते. सप्टेंबर 2024 च्या दुरुस्तीत उपग्रह यंत्रणा बसवलेल्या गाडीला दिवसाला पहिले 20 किलोमीटर मोफत ठेवले गेले, पण तेही महामार्गावरचेच 20 किलोमीटर. नाका गेला आणि उपग्रह आला तरी तो टोलच राहतो.

भरीला 15 ऑगस्ट 2025 पासून फास्टॅगचा 3,000 रुपयांचा वार्षिक पास आला, 200 फेऱ्यांचा किंवा वर्षाचा, जे आधी संपेल ते. म्हणजे नाका ओलांडायला 15 रुपये, मग त्या नाक्याच्या वाट्याला 40 किलोमीटर असोत वा 80. प्रवाशाच्या खिशाला बरा, पण अंतराशी असलेले नाते त्याने तोडले. तो राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्याचे असल्याने तिथे चालत नाही. तिथे इलेक्ट्रिक कारला राज्याच्या 2025 च्या धोरणाने टोलमाफी दिली आहे, अटल सेतूवरही. ती कार इंधन कर देत नाही, त्या रस्त्यांवर टोल देत नाही. सुरुवातीला गाड्या खपाव्यात म्हणून हे ठीक, पण त्या तीन रस्त्यांच्या डागडुजीच्या हिशेबात ती शून्य आहे.

आता किलोमीटर शुल्क कसे चालते ते न्यूझीलंडमध्ये पाहावे. तिथे पंपावर डिझेलवर रस्ते कर नाही, कारण बरेचसे डिझेल ट्रॅक्टर आणि बोटींत जाते. त्याऐवजी डिझेल गाड्यांना 1970 च्या दशकापासून किलोमीटर विकत घ्यावे लागतात. हजारांच्या पटीत. 1 एप्रिल 2024 पासून इलेक्ट्रिक गाड्याही त्यात आल्या, हलक्या गाडीला हजार किलोमीटरला 76 न्यूझीलंड डॉलर. गाडीच्या मीटरवर 42,000 आकडा आहे, तर पाच हजार किलोमीटरचे 380 डॉलर आणि वर प्रक्रिया शुल्क भरायचे. काचेवर लावायच्या परवान्यावर 42,000 ते 47,000 छापून येते. मीटर 47,000 च्या पुढे गेला आणि नवा परवाना नसेल तर गुन्हा, शिवाय मागची थकबाकी. गाडीच्या नियमित तपासणीत मीटरचे आकडे नोंदले जातात, त्यामुळे चोरी फार काळ टिकत नाही.

साडेतीन टनांवरच्या गाड्यांना एवढ्यावर सोडत नाहीत. त्यांच्या चाकाच्या मध्यावर, हबला, सीलबंद अंतरमापक बसवावा लागतो. ट्रेलरला स्वतःचे मीटर नसते, म्हणून ट्रेलरच्या चाकालाही वेगळा मापक आणि वेगळा परवाना. दर ठरतो वजन आणि ॲक्सलच्या, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या आसांच्या, संख्येवर. शेतात किंवा खासगी रस्त्यावर चाललेले किलोमीटर परत मागता येतात. आणि याच देशात ऑकलंडच्या उत्तरेला नॉर्दर्न गेटवे हा टोल रस्ताही आहे. डिझेल गाडी तिथून गेली की किलोमीटर शुल्क आणि टोल दोन्ही देते, कारण दोन्ही वेगळ्या गोष्टींचे पैसे आहेत.

ॲक्सलचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. 1958 ते 1960 दरम्यान अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यांवर भारित ट्रक फिरवून जी प्रसिद्ध चाचणी झाली, तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याचे नुकसान ॲक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट, तर झीज सोळापट. आपल्याकडे 2018 मध्ये चार टायरांच्या एका ॲक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. वजनात वाढ पावणेतेरा टक्के, चौथ्या घाताने झीज मात्र सुमारे 62 टक्क्यांनी जास्त. आता लिटरला 4 किलोमीटर देणारा डिझेल ट्रक घ्या: रस्त्याच्या उपकरापोटी किलोमीटरला 50 पैसे. कार 33 पैसे देते आणि ट्रक 50. इंधन कर सोयीचा होता, न्याय्य कधीच नव्हता. टोलमध्ये ट्रकला कारच्या काही पट दर असतो, पण दर जास्त म्हणून तोच ट्रक नाका चुकवून आतल्या रस्त्याला वळला, तर झीज होते जिल्हा परिषदेची आणि कमी वसुली महामार्गाची. किलोमीटर शुल्कात पळवाटेचा फायदा नाही. चाक फिरले की आकडा वाढतो.

आपल्याकडे हे लावायचे तर अडचण शेवटच्या ओळीत आहे: आकडा वाढला हे बघणार कोण? पेट्रोल-डिझेल गाडीला पीयूसीसाठी वर्षातून एकदा तरी केंद्रावर जावे लागते. इलेक्ट्रिक गाडीला पीयूसी नाही. विमा म्हणावा, तर नव्या कारचा तृतीय पक्ष विमा तीन वर्षांचा, दुचाकीचा पाच वर्षांचा. खासगी गाडीची आरटीओ तपासणी पंधराव्या वर्षी. म्हणजे ज्या गाडीचे किलोमीटर मोजायचे, तिचा मीटर सरकारी नोंदीत येण्याची ठरलेली वेळच नाही. आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात मीटर मागे फिरवून देणारे किती आहेत, हे गाडी विकणाऱ्याला विचारायला नको. व्यावसायिक गाड्यांची योग्यता तपासणी मात्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होते. सुरुवात करायचीच तर इलेक्ट्रिक बस, टेम्पो आणि टॅक्सीपासून, त्याच तपासणीत आकडा घेऊन.

कायद्याची बाजूही हलकी नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने जुलै 2021 पासून इलेक्ट्रिक गाड्यांवर किलोमीटरला अडीच सेंट लावले. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीवरच्या उच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण असा कर लावण्याचा अधिकार राज्याला नव्हता. आपल्या राज्यघटनेत वाहनांवरचा कर राज्यसूचीत 57 व्या क्रमांकावर आणि टोल 59 व्या क्रमांकावर, अशा वेगळ्या नोंदी आहेत. घटनाकारांनी ही दोन खाती आधीच वेगळी ठेवली आहेत.

पैसे कुठे जातात हेही तपासावे. पेट्रोलवरच्या एप्रिल 2025 च्या 21.90 रुपयांपैकी राज्यांशी वाटून घ्यायच्या निधीत फक्त मूळ 1.40 रुपये जातात. उपकर आणि अधिभार त्यात धरत नाहीत. रस्त्याच्या उपकराचा निधी 2018 पासून रेल्वे आणि इतर पायाभूत कामांनाही खुला झाला. टोलचे पैसे मुख्यतः त्या महामार्गाच्या खर्चाला आणि कर्जाला. खड्डा मात्र बहुतेकांच्या वाट्याला येतो तो राज्य, जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेच्या रस्त्यावर.

आणि सर्वांत अवघड हिशेब स्कूटरचा. वर्षाला 8,000 किलोमीटर चालणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरकडून पेट्रोल स्कूटरइतकाच रस्ते उपकर घ्यायचा, तर 11 पैशांच्या दराने वर्षाचे होतात सुमारे 880 रुपये. त्यासाठी मीटर नोंदवणे, बिल काढणे, न भरल्यास नोटीस पाठवणे, एवढे सगळे करायचे. यात वसुलीचाच खर्च किती जाईल, हे दर ठरवण्याआधी ठरवावे लागेल.