तिकीट वेगळं, जागा वेगळी: युरोपच्या हिवाळी भटकंतीआधी एवढं समजून घ्या

डिसेंबरात पाठीवर सॅक टाकून बर्लिन, प्राग, विएन्ना, बुडापेस्ट अशी चार शहरं करायची ठरली, की माणूस पहिल्यांदा रेल्वेची वेबसाइट उघडतो. जर्मन रेल्वेच्या साइटवर एका कोपऱ्यात फक्त जागा राखून ठेवायचा पर्याय असतो, साधारण पाच-सहा युरोंचा. आपल्याकडून नव्यानं जाणाऱ्याला वाटतं, वा, स्वस्तात तिकीट मिळालं. गाडी नंबर आहे, डबा नंबर आहे, सीट नंबर आहे, तारीख आहे. आणखी काय हवं? हवं ते तिकीट. हातात जे आहे ते नुसतं आरक्षण आहे, आणि त्यावर प्रवास केला तर जर्मनीत विनातिकीट प्रवासाचा दंड भरावा लागतो, किमान ६० युरो.

ही गल्लत होते ती आपल्या सवयीमुळे. भारतीय रेल्वेत लांब पल्ल्याचं तिकीट काढलं की पीएनआर मिळतो, त्यातच डबा आणि बर्थ येतो. नाही आला तर आरएसी, नाहीतर वेटिंग. पूर्ण वेटिंगवर राहिलेलं ई-तिकीट चार्ट लागला की आपोआप रद्द होतं. म्हणजे जागा नाही तर प्रवासाचा हक्कही नाही. जनरलचं तिकीट घेऊन स्लीपरमध्ये बसलात तर टीसी उठवणार, फरक आणि दंड घेणार. जागा आणि हक्क आपल्या डोक्यात एकमेकांना चिकटलेले आहेत.

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि चेकियाच्या बहुतेक सरकारी गाड्यांत ते सुटे आहेत. तिकीट म्हणजे अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी, या वर्गानं जाण्याचा हक्क. आरक्षण म्हणजे त्या एका गाडीतली एक खुर्ची. तिकीट असलेला माणूस आरक्षणाशिवाय त्या वर्गाच्या कुठल्याही डब्यात शिरून मोकळ्या जागी बसू शकतो. कोणी उठवणार नाही. जागा नसेल तर उभा राहील, तरी त्याचा प्रवास शंभर टक्के कायदेशीर आहे. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे मुंबईच्या लोकलचा पास: चढण्याचा हक्क पक्का, बसण्याचं ज्याचं त्यानं पाहायचं. फक्त तिकडे तोच नियम ताशी दोनशे किलोमीटरनं धावणाऱ्या, दोन देश ओलांडणाऱ्या गाडीला लागू आहे, आणि हे मान्य करायला मनाला जरा वेळ लागतो.

मग आरक्षण नसताना बसायचं कुठे? सीटच्या वर किंवा खिडकीजवळ छोटा फलक असतो. त्यावर दोन स्थानकांची नावं दिसली, समजा बर्लिन ते ड्रेस्डेन, तर तेवढ्या टप्प्यात ती जागा कोणाची तरी आहे. ड्रेस्डेननंतर ती मोकळी. तुम्ही ड्रेस्डेनला चढत असाल तर खुशाल बसा. जर्मनीत आणखी एक नियम उपयोगी पडतो: गाडी सुटल्यावर पंधरा मिनिटांत आरक्षणवाला जागेवर आला नाही, तर त्याचा जागेवरचा दावा संपतो. हा नियम दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावा. आरक्षण तुमचं असेल तर डायनिंग कारमध्ये कॉफी पीत रेंगाळू नका, आधी जागेवर जाऊन सॅक ठेवा.

युरेल पासच्या, म्हणजे युरोपबाहेरून येणाऱ्यांसाठीच्या अनेक देशांत चालणाऱ्या रेल्वे पासच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो. पास म्हणजे तिकिटाचाच मोठा भाऊ: एका महिन्यात चार, पाच किंवा सात दिवस, नाहीतर दोन महिन्यांत दहा किंवा पंधरा दिवस मनाला येईल तितक्या गाड्या. बारा ते सत्तावीस वयोगटाला सवलत मिळते. पण पासात जागा नसते, एकाही गाडीतली नसते. आणि मोबाइलवरच्या पासात गाडीत चढण्यापूर्वी तो प्रवास नोंदवून त्या दिवसाचा कोड काढला नाही, तर खिशात पास असूनही तुम्ही विनातिकीट ठरता. आरक्षणाचा कागद दाखवून तिथे सुटका होत नाही.

(जाता जाता: पुण्याहून निघणारे आईवडील युरेल घेतात, पण म्युनिकला किंवा आखेनला शिकणाऱ्या त्यांच्या मुलीला इंटररेल घ्यावा लागतो, कारण ती युरोपची रहिवासी आहे. गाड्या त्याच, मात्र इंटररेलवर राहत्या देशातून बाहेर पडायला एक आणि परत यायला एक एवढेच प्रवासाचे दिवस मिळतात. एकत्र भटकणार असाल तर हे आधीच मोजा.)

आता सीमेपलीकडे पाहू, कारण युरोपभर एकच नियम आहे असं समजणं ही दुसरी मोठी चूक आहे. फ्रान्सच्या टीजीव्हीत, स्पेनच्या एव्हेत, इटलीच्या फ्रेच्चारोस्सात, पोलंडच्या पेंडोलिनोत अशा वेगवान गाड्यांत, तसंच लंडनला जाणाऱ्या युरोस्टारमध्ये आरक्षणाशिवाय प्रवास नाही. तिथे साधं तिकीट घेतलं तर जागा त्यातच येते, म्हणजे आपल्या सवयीसारखंच. पासवाल्याला मात्र जागा वेगळी विकत घ्यावी लागते, आणि टीजीव्ही व युरोस्टारमध्ये पासवाल्यांसाठीच्या जागा मोजक्या असतात. गाडीत खुर्च्या रिकाम्या असल्या तरी तो कोटा संपला की संपला. नाताळच्या आठवड्यात पॅरिसला जायचं असेल तर पास घेण्याआधी हा कोटा पाहावा. पास आधी, आरक्षण मग, हा क्रम तिथे महागात पडतो. इटलीत इतालो नावाची खासगी गाडी धावते, ती युरेल घेतच नाही. चेकियात रेजिओजेट ही खासगी कंपनी तिकिटातच जागा देते. प्रादेशिक गाड्यांत याच्या नेमकं उलट असतं: जर्मनीच्या रेजिओनाल गाड्यांत बहुधा आरक्षण मिळतच नाही, मिळेल तिथे बसायचं.

स्वित्झर्लंडचं उदाहरण मला या सगळ्यात सर्वांत आवडतं, कारण तिथे एकाच रुळावर दोन्ही पद्धती पाहायला मिळतात. कूरहून तिरानोला जाणारी बेर्निना एक्सप्रेस प्रसिद्ध आहे: मोठ्या काचांचे डबे, बर्फाचे डोंगर, बेर्निना खिंडीतला रुळांचा २२५३ मीटरवरचा सर्वोच्च बिंदू. तिकिटाच्या वर तिला आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात, आणि हिवाळ्याच्या सुट्टीत जागा लवकर संपतात. पण त्याच रुळावरून, त्याच पुलांवरून, त्याच खिंडीतून रेटियन रेल्वेच्या साध्या प्रादेशिक गाड्याही जातात. त्यांना आरक्षण लागत नाही. सेंट मोरिट्झला चढा, तिकीट किंवा पास दाखवा, बसा. काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, त्यामुळे फोटोत काचेचं प्रतिबिंब येत नाही. मधल्या स्थानकावर उतरून तासाभरानं पुढची गाडी पकडता येते. आरक्षण असलेल्या गाडीत तुम्ही त्या खुर्चीला बांधलेले असता. जागतिक वारशाच्या यादीत २००८ साली गेला तो हा मार्ग, काचेचा डबा नव्हे. सॅक घेऊन फिरणाऱ्याला मी डोळे झाकून साधी गाडी सुचवेन. आणि स्वित्झर्लंडचीच दुसरी काचेच्या डब्यांची गाडी, ग्लेशियर एक्सप्रेस, मनात असेल तर ध्यानात ठेवा, ऑक्टोबरच्या मध्यापासून साधारण डिसेंबरच्या मध्यापर्यंत ती देखभालीसाठी बंद असते.

एवढं सगळं उन्हाळ्यातही खरं आहे. हिवाळ्यात काय बदलतं?

पहिलं म्हणजे फलाटावरची थंडी. गाडी दोन-चार मिनिटं थांबते. आरक्षण असेल तर तुम्हाला ठरावीक डब्यात चढायचं असतं, म्हणून फलाटाच्या अ, ब, क अशा नेमक्या विभागात उभं राहावं लागतं. विभाग कुठला ते फलाटावरच्या फलकावर दिसतं. कधी डब्यांचा क्रम उलटा लागतो, मग जाड जॅकेट आणि पंधरा किलोंची सॅक सावरत सगळे उलट्या दिशेनं पळतात. आरक्षण नसलेला माणूस समोर येईल त्या डब्यात शिरतो आणि आतून चालत जागा शोधतो. थंडीत गाडी चुकण्यापेक्षा चुकीच्या डब्यात चढून आतून जाणं केव्हाही बरं, आरक्षण असलं तरी. फक्त गाडी वाटेत दोन भागांत तुटून वेगवेगळ्या गावांना जात नाही ना, तेवढं पाहून घ्या.

दुसरं म्हणजे बर्फ. २ डिसेंबर २०२३ रोजी म्युनिकमध्ये इतका बर्फ पडला की मुख्य स्थानकावरची वाहतूक थांबली, विमानतळही बंद ठेवावा लागला, आणि नंतरचे काही दिवस गाड्या विस्कळीत होत्या. अशा दिवशी तिकीट आणि आरक्षण यांतला फरक अगदी उघडा पडतो. आरक्षण त्या एका गाडीचं असतं. गाडी रद्द झाली की खुर्ची गेली, रेल्वेच्या कारणानं गेली असेल तर तिचे पैसे परत मागता येतात. तिकीट मात्र जिवंत राहतं. पासवाला किंवा पूर्ण दराचं तिकीट असलेला पुढच्या गाडीत चढतो. स्वस्तातलं, एकाच गाडीला बांधलेलं तिकीट असेल तरी मुक्कामाला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं, की जर्मनीत ते बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीनं जाता येतं. युरोपीय संघाच्या नियमानुसार तासाभरापेक्षा जास्त उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांच्या वर ५० टक्के भरपाई असते, पण २०२३च्या जूनपासून लागू झालेल्या नियमांत अतिरेकी हवामानाला सूट आहे. म्हणजे हिमवादळात रोख भरपाई कदाचित मिळणार नाही. मुक्कामापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मात्र रेल्वेवर राहतेच.

तिसरं म्हणजे गर्दी, आणि ती ठरावीक दिवसांचीच असते. २२-२३ डिसेंबरला सगळा देश घरी निघालेला असतो, नववर्षानंतर परततो. शुक्रवार-रविवारच्या संध्याकाळी नेहमीच भरलेल्या असतात. फेब्रुवारीत शाळांच्या सुट्ट्या लागल्या की विएन्नाहून साल्झबुर्ग-इन्सब्रुककडे जाणाऱ्या शनिवारच्या गाड्या स्कीवाल्यांनी गच्च होतात. ऑस्ट्रियात गाडी सुरक्षिततेच्या मर्यादेपलीकडे भरली म्हणून आरक्षण नसलेल्यांना उतरायला सांगितल्याचे प्रसंग घडले आहेत. तिकीट वैध असूनही. तेव्हा या दिवशी तीन-पाच युरो वाचवण्यात काही शहाणपण नाही. एरवी मंगळवारी सकाळी अकराच्या गाडीला आरक्षण करणं मला तरी गरजेचं वाटत नाही.

यात वेळापत्रकाची एक अडचण असते, ती आपल्याकडच्या लोकांना सहसा माहीत नसते. युरोपभर रेल्वेचं वार्षिक वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलतं. नाताळचा प्रवास नेमका या रेषेच्या पलीकडे येतो, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांची, विशेषतः आंतरराष्ट्रीय आणि रात्रीच्या गाड्यांची विक्री उशिरा उघडते. ऑगस्टमध्ये साइटवर गाडी दिसली नाही म्हणून ती बंद झाली असं समजू नका, आणि घाईनं महागडं विमान काढू नका.

रात्रीच्या गाड्यांत मात्र तिकीट आणि आरक्षणाची ही फारकत संपते. नाइटजेटमध्ये, म्हणजे ऑस्ट्रियन रेल्वेच्या रात्रीच्या गाडीत, बसायची जागा असो, कुशेत असो की स्लीपर, आरक्षणाशिवाय चालत नाही. पास असला तरी बर्थचे पैसे वेगळे. कुशेत म्हणजे चार किंवा सहा बर्थचा बंद कप्पा, चादर-उशी आणि सकाळचा साधा नाश्ता त्यात येतो. एकट्या मुलींसाठी महिलांचा कप्पा निवडता येतो, तो आरक्षण करतानाच निवडावा. पासवाल्यांसाठी एक चांगली गोष्ट आहे: मध्यरात्रीपूर्वी चढलात आणि वाटेत गाडी बदलली नाही, तर प्रवासाचा एकच दिवस खर्च होतो, सुटण्याचा. नुसत्या बसायच्या जागेवर हिवाळी रात्र काढायचा मोह स्वस्ताईमुळे होतो. मी तो टाळायला सांगेन. सहाजणांचा कप्पा, जॅकेटांचे ढीग, कोणाला हीटर जास्त वाटतो कोणाला कमी, आणि दुसऱ्या दिवशी आठ तास उणे तापमानात चालायचं असतं.

मग त्या चार शहरांचं काय करायचं? बर्लिन ते प्राग साधारण सव्वाचार तास. ड्रेस्डेन सुटल्यावर गाडी एल्ब नदीच्या काठानं वालुकाश्माच्या कड्यांखालून जाते आणि नदी डावीकडे असते. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून बर्लिनहून सकाळीच निघा. नाताळच्या गर्दीत नसाल तर आरक्षण सोडा, डावीकडची मोकळी खिडकी स्वतः शोधा. आरक्षणात कधी नेमका खिडक्यांमधला खांब वाट्याला येतो. प्राग ते विएन्ना चार तास, रेलजेट या वेगवान गाडीत जागा तीन युरोंच्या आसपास मिळते. २६ डिसेंबर ते २ जानेवारीत असाल तर घ्या. विएन्ना ते बुडापेस्ट अडीच-पावणेतीन तास आणि दिवसभर गाड्या आहेत, तिथे एक गाडी सोडून दुसरीनं गेलं तरी फार बिघडत नाही. फक्त २४ डिसेंबरला दुपारच्या आत पोहोचा, कारण त्या दिवशी बुडापेस्टमध्ये दुकानं लवकर बंद होतात आणि शहरातली वाहतूकही संध्याकाळकडे आटते. आणि या चारांना जोडून विएन्नाहून रात्रीच्या गाडीनं व्हेनिस करायचा बेत असेल, तर विक्री उघडताच आधी तो बर्थ घ्या. बाकीचे टप्पे त्याच्या तारखेभोवती बसवता येतात.