भिंतीवर थांबणारं पाणी: वणव्यापासून घर वाचवणाऱ्या जेलची पार्श्वभूमी

लाकडी भिंतीवर पाइपने पाणी मारलं, तर त्यातलं बहुतेक निथळून मातीत जातं. मागे राहतो तो पातळ थर वणव्याच्या झळीत मिनिटभरही टिकत नाही. पाण्याची उष्णता शोषण्याची ताकद अफाट आहे, अडचण आहे ती त्याला जागेवर थांबवण्याची.

1950च्या दशकात कॅलिफोर्नियात वणव्यांवर विमानातून बोरेटचं मिश्रण टाकत. आग अडायची, पण पुढे त्या मातीत काही उगवेना, म्हणून ते बंद पडलं. मग पाण्यात फुगणारी बेंटोनाइट माती आली. 1960च्या दशकात शेवाळापासून मिळणारं अल्जिन घालून पाणी घट्ट करण्याचे प्रयोग झाले. हे सगळं जंगलासाठी होतं, घराच्या भिंतीचा विचार त्यात नव्हता.

खरा धागा शेतीतून आला. इलिनॉयमधल्या पिओरिया इथल्या अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चवर कृत्रिम बहुलक (पॉलिमर) जोडून स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरणारा पदार्थ तयार झाला. त्याच जातीची बहुलकं 1980च्या दशकात बाळांच्या डायपरमध्ये गेली. (कोरडवाहू शेतीत वापरतात ते पुसा हायड्रोजेल याच कुळातलं.) 1990च्या दशकात फ्लोरिडातले अग्निशामक जॉन बार्टलेट यांच्या लक्षात आलं, की आगीत सगळं जळालं तरी ओला डायपर तसाच राहतो. त्यातून ‘बॅरिकेड’ हे घरांवर फवारायचं जेल बाजारात आलं. अमेरिकी वनसेवा अशा जेलची स्वतंत्र निकषांवर तपासणी करते आणि मान्य झालेल्यांची यादी ठेवते.

हिशेब असा. 3 मिमी जाडीचा लेप म्हणजे चौरस मीटरला 3 लिटर पाणी. ते तापून पूर्ण वाफ व्हायला सुमारे 7,700 किलोज्यूल लागतात. चौरस मीटरला 20 किलोवॅट झळ असेल, तर लेप सहा मिनिटांहून जास्त पुरतो. शेंड्यांतून धावणाऱ्या वणव्याची तीव्र झळ एका जागी जेमतेम मिनिटभर असते. 200 चौरस मीटर पृष्ठभागाला 600 लिटर मिश्रण, म्हणजे 2 टक्क्यांनी 12 लिटर संहत द्रावण. वाया जाणारं धरून थोडं जास्तच घ्यावं.

बिघडतं ते दुसरीकडे. कोरडी पूड टाकीत एकदम ओतली, की बाहेरून फुगून आत कोरड्या गुठळ्या होतात आणि गाळणी तुंबते. म्हणून घरगुती संचात द्रव स्वरूप असतं आणि ते नॉझलपाशीच पाण्यात ओढलं जातं. खारं किंवा क्षारांमुळे जड झालेलं पाणी तर जेलचं वाटोळंच करतं: सोडियम, कॅल्शियमचे आयन बहुलकाचं फुगणं रोखतात आणि लेप पातळ होऊन ओघळतो. आधी हलका हात, तो चिकटला की जाड थर. वळचण, पोटमाळ्याच्या जाळ्या, काचा आणि लाकडी डेकची खालची बाजू आधी घ्यावी. जमिनीवर सांडलेल्या जेलवरून पाय हमखास घसरतो.

अमेरिकी वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी दाखवून दिलं, की घरं बहुतेकदा ज्वाळांच्या भिंतीमुळे नव्हे, तर उडत येणाऱ्या निखाऱ्यांमुळे आणि अंगणातल्या छोट्या आगींमुळे पेटतात. निखारे तासन्‌तास पडत राहतात आणि त्यांना आणणारा कोरडा वारा तेवढ्या वेळात लेपही सुकवतो. तुषार मारून तो पुन्हा फुगवता येतो, पण वस्ती रिकामी करताना तुषार मारायला मागे थांबणार कोण? पन्हळीतला पालापाचोळा काढला नसेल, तर जेलवरचा खर्च फुकट.

सुकण्यावरचा अलीकडचा उपाय स्टॅनफर्डमधल्या एरिक अपेल यांच्या गटाने 2024मध्ये प्रसिद्ध केला. सेल्युलोजच्या जेलमध्ये सिलिकाचे कण असतात. पाणी उकळून गेलं आणि सेल्युलोज जळलं, तरी सिलिकाचा सच्छिद्र एरोजेल मागे राहून उष्णता अडवतो. गॅसटॉर्चखाली प्लायवूड काळं पडायला सात मिनिटांहून जास्त लागली, बाजारातल्या जेलखाली दीड मिनिटही नाही. अर्थात ही चाचणी फळीवरची, वाऱ्यातल्या घरावरची नव्हे.

आणि कोणतंही जेल घ्या, पाण्याला दाब लागतोच. जानेवारी 2025मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स वणव्यात उंचावरचे काही हायड्रंट (आग विझवण्यासाठीचे रस्त्यावरचे नळ) कोरडे पडले. वादळी वाऱ्यात कॅलिफोर्नियातल्या काही वीज कंपन्या वीजही मुद्दाम बंद ठेवतात, त्यामुळे विजेच्या पंपाचा भरवसा नाही. पोहण्याच्या तलावातून पाणी ओढणारा पेट्रोलचा पंप जेलच्या आधी विकत घ्यावा.