शंभराला पाऊण

पगारचिठ्ठीवर ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) ओळीत कामगाराच्या वाट्याची कपात ०.७५ टक्के असते. नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात पंधरा वर्षं काढलेल्या बाईंसमोर ती चिठ्ठी ठेवा आणि सोळा हजारांवर किती कापले जातील, ते विचारा. शाळा तिसरीत सुटलेली असेल तर उत्तर अडण्याचीच शक्यता जास्त. बहुधा ‘चष्मा घरी राहिला’ असंच ऐकू येईल. आता चिठ्ठी बाजूला ठेवून तोच प्रश्न तोंडी विचारा: शंभराला पाऊण रुपया, तर सोळा हजारांना किती? हजाराला साडेसात, दहा हजारांना पंच्याहत्तर, वरच्या सहाचे पंचेचाळीस, झाले एकशेवीस. रोज भाजी घेताना, भिशीचा हिशेब ठेवताना हेच गणित चालतं. अडलं ते गणित नव्हतं, त्याचं कागदावरचं रूप होतं.

ब्राझीलमधल्या रेसिफी शहरात संशोधक तेरेझिन्या नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट मोजून दाखवली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रस्त्यावर माल विकणारी पाच मुलं होती. बारा वर्षांच्या एका मुलाला दहा शहाळ्यांचे किती, असं विचारलं. एकाचा भाव ३५. शाळेत शिकवलेलं ‘दहाने गुणताना शून्य द्या’ त्याने वापरलंच नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, असं चढत तो ३५० वर पोचला. गाडीवर विचारलेल्या प्रश्नांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तशीच गणितं नुसत्या आकड्यांत कागदावर दिली, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ३७ टक्क्यांवर आलं. २०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांविषयी असाच निष्कर्ष आला. त्यातला मला जास्त महत्त्वाचा वाटणारा भाग उलट बाजूचा आहे: शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळली. म्हणजे एका जागचं कौशल्य दुसऱ्या जागी आपोआप चालत जात नाही, शिकलेल्यांचंही नाही.

कामाच्या जागी तर याहून हुशार गणित चालतं. अमेरिकेतल्या एका दूध डेअरीत मानसशास्त्रज्ञ सिल्व्हिया स्क्रिबनर यांनी माल भरणाऱ्या कामगारांचं निरीक्षण केलं. क्रेटमध्ये १६ बाटल्या मावत. दहाची मागणी चिठ्ठीवर ‘एक क्रेट वजा ६’ अशी लिहिलेली असे. नवखा माणूस भरलेला क्रेट घेऊन त्यातल्या सहा बाटल्या काढायचा. मुरलेला कामगार शेजारी आठ बाटल्या असलेला अर्धा क्रेट आहे हे आधी बघायचा आणि त्यात दोन टाकून मोकळा व्हायचा. बेरीज की वजाबाकी, हे हाताचे कमीत कमी कष्ट बघून ठरायचं. तुर्भ्याच्या गोदामांत गोण्यांची थप्पी लावणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

मग प्रौढ साक्षरतेचे वर्ग ‘अ अननसाचा’पासून का सुरू होतात, हे मला कळत नाही. पाऊण ज्याला येतं, त्याला ०.७५ शिकवायला महिना लागू नये; जुन्या पिढीने तर पावकी, निमकी, पाऊणकी घोकलेली असते. पाव, अर्धा, पाऊण आणि ०.२५, ०.५०, ०.७५ शेजारी शेजारी मांडायचे, तेही खऱ्या पगारचिठ्ठीवर. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या रसायन कारखान्यात सफाईच्या द्रावणावर १:२० लिहिलेलं असतं. वीस लिटर पाण्याला एक लिटर, म्हणून पाच लिटरला पाव लिटर, हे बादली आणि मापटं समोर ठेवून शिकवलं की गुणोत्तर वेगळं शिकवावं लागत नाही. इथे चूक झाली तर मार्क जात नाहीत, हात भाजतात.

वाचनाची गोष्ट थोडी वेगळी. बोलणं मूल ऐकून ऐकून उचलतं, वाचन मात्र शिकवावंच लागतं, आणि त्यासाठी मेंदूला आपली जुनी यंत्रणा नव्या कामाला लावावी लागते. मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहेन यांच्या गटाने २०१० मध्ये निरक्षर, मोठेपणी साक्षर झालेले आणि लहानपणी शिकलेले अशा तिन्ही गटांच्या मेंदूंची तुलना केली. डाव्या बाजूचा, अक्षरं ओळखणारा एक भाग मोठेपणी शिकलेल्यांतही जागा झालेला दिसला. २०१७ चा दुसरा अभ्यास आपल्या लिपीचा आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक बायकाच, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं. दृष्टीशी संबंधित असलेले मेंदूचे खोलवरचे भाग आणि वरचं आवरण यांचा ताळमेळ वाढलेला दिसला. ‘आता या वयात काय’ म्हणणाऱ्यांना ठाणे जिल्ह्यातलं फांगणे माहीत असायला हवं. मुरबाड तालुक्यातल्या या गावात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारीत पाटी घेऊन बसू लागल्या.

अडचण वेगाची आहे. अक्षर लावून वाचणारा माणूस ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतो, कारण मनात तात्पुरतं धरून ठेवण्याची जागा फार लहान असते. त्यात जोडाक्षरं, आणि लिहिताना आधी पण बोलताना नंतर येणारी पहिली वेलांटी. हा वेग फक्त सरावाने वाढतो. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये संशोधक स्टीफन रेडर यांनी शाळा अर्धवट सोडलेल्या प्रौढांचा जवळपास दशकभर मागोवा घेतला. वर्गाला गेलेल्यांचे गुण लगेच फारसे वाढले नाहीत, पण रोजचं वाचन वाढलं. आणि शंभर तासांहून जास्त शिकलेल्यांत पुढच्या वर्षांत फरक दिसत गेला. केंद्राच्या ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात नवसाक्षरांची १५० गुणांची परीक्षा होते. ती हवीच, पण खरं वाचन तिच्यानंतर सुरू होतं, आणि ते कामाच्या जागी घडायचं तर तिथे वाचण्यासारखं काही हवं. सूचना फलक इंग्रजीत आणि कामाचा तपशील लिहिलेलं जॉब कार्ड सुपरवायझरच्या खिशात, अशा खात्यात शिकलेलं वर्षभरात पुसलं जातं.

रोज अर्धा तास, आठवड्याचे पाच दिवस धरले, तर शंभर तासांना चाळीस आठवडे लागतात. दहा दिवसांच्या शिबिरात भरतात पाच तास. वागळे इस्टेटमधून सुटून दिव्याची लोकल पकडणाऱ्याने तो अर्धा तास पाळी संपल्यावर काढावा, ही अपेक्षा मला अवाजवी वाटते. वर्ग पाळीच्या आत, भरपगारी वेळेत बसवावा लागेल, आणि पाळी बदलली की वर्गाची वेळही बदलावी लागेल. याचा खर्च मालकाचाच आहे. जॉब कार्ड नीट वाचलं गेलं, द्रावण नीट मिसळलं गेलं, तर पहिला फायदाही त्याचाच होतो.